होडीचं चित्र असलेली नळी

एप्रिल उजाडला की आमच्या घरचा कूलर गळायला लागतो. पंचांगात छापावा इतका नेमाचा योग. ठिबक सिंचनाला सरकार अनुदान तरी देतं, आमची ठिबक थेट फरशीवर. मागच्या साली कोपऱ्यात मळून लावलेलं सील दगडासारखं घट्ट बसलं होतं. पण उन्हानं पत्रा फुगला, रात्री आकसला आणि दगडाला काही वाकता येईना. तडकलं.

धाराशिवच्या दुकानदारानं या वेळी काउंटरवर सीलंटची एक जाडजूड नळी ठेवली. तिच्यावर निळ्या लाटा आणि शिडाची होडी.

"हे होडीचं आहे गुरुजी. होडीला चालतं म्हणल्यावर तुमच्या कूलरला चालंलच की."

मग थांबून त्यानं विचारलं, "पण तुम्हाला पाणी आत येऊ द्यायचं नाही, का बाहेर जाऊ द्यायचं नाही?"

या प्रश्नानं मला दोन दिवस झोप लागू दिली नाही. सगळी होडीविद्या पाणी बाहेर ठेवण्यासाठी जन्माला आलेली, आणि आमचा सगळा जिल्हा पाणी आत ठेवण्यासाठी झटतोय. शेततळ्याला अस्तर घाला, बंधाऱ्याला पाळ बांधा, टाकीच्या भेगा बुजवा. ज्या गावाला समुद्र बघायला रात्रभर एसटीत बसावं लागतं, तिथं नळीवर होडी!

होड्या आमच्याकडे नाहीत असं नाही. परंडा तालुक्यात सीना-कोळेगावच्या काठावर एका म्हाताऱ्याला पत्र्याची होडी दुरुस्त करताना बघितलं होतं. मला वाटलं, तो होडी पाण्यात सोडून बघेल. त्यानं होडी दगडांवर उचलून ठेवली आणि उलट तिच्यातच घागरी ओतल्या. "भाईरचं पाणी आत कुठनं शिरतंय ते घावत नाही. आतलं भाईर कुठनं चाललंय ते डोळ्याला दिसतं." जिथं थेंब धरला तिथं विटकरीच्या तुकड्यानं खूण केली, होडी उपडी करून उन्हात वाळू दिली. डब्यात डांबर पातळ केलं, गोणपाटाची चिंधी त्यात बुडवून पत्र्याच्या शिवणीत अंगठ्यानं दाबत गेला. "वल्यावर काय बी धरत नाही," एवढाच त्याचा सिद्धांत. नळ्यांच्या माहितीपत्रकात हाच सिद्धांत बारीक टायपात असतो आणि आपण तो वाचत नाही.

नळ्यांचेही स्वभाव असतात. सिलिकॉन लवचीक, काचेशी छान जमतं; पण त्यावर रंग बसत नाही, आणि खरवडून काढलं तरी मागे राहिलेल्या त्याच्या तेलकटपणावर दुसरं काही चिकटत नाही. पॉलीयुरेथेन लाकडाला, फायबरला असं मिठी मारतं की पुढे तो भाग काढायची वेळ आली तर भागच तुटतो. पॉलीसल्फाइड पाण्याखाली उत्तम नांदतं, पण काही जातींच्या प्लॅस्टिकला ते सोसत नाही. थोडक्यात, सोयरीक जुळवताना बघावं तेवढं बघावं लागतं. कोकणातले जुने कारागीर फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर तेलात शिजवलेला चंद्रूस लावत. उरलेलं काम लाकूडच करी, पाण्यात फुगून. आमच्याकडे अशी होडी मे महिन्यात आटलेल्या धरणात पडून राहील आणि तिचे सांधे उकलतील. कोकणातली होडी पाण्यानं मरत असेल, आमची पाण्यावाचून.

आणि आमच्याच जिल्ह्यातला नळदुर्ग किल्ला? इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पाठीशी अडवलेली नदी, समोर सांडव्यावरून कोसळणारं पाणी, आणि आपण मधल्या खोलीत खिडकीशी उभे. दगड आणि चुना, नळीबिळी काही नाही. या बांधणाऱ्यांना आमच्या दुकानदारानं प्रश्न विचारला असता तर ते म्हणाले असते, दोन्ही. पावसाळ्यात गेलो तेव्हा मी आतल्या भिंतीवर खोडसाळपणे बोट फिरवलं. ओलं झालं. झिरप्यानं की तुषारांनी, ते ठरेना.

शेवटी होडीवाली नळी घेतली. म्हाताऱ्याच्या पद्धतीनं कूलर भरला, खडूनं खूण केली, रिकामा करून दोन दिवस वाळवला. पत्र्यावरचं जुनं सगळं खरवडलं. या दोन दिवसांत उकाड्यानं घरात माझ्याविषयी जे बोललं गेलं ते इथं नको. मग नळी लावली, बोटानं सारखी केली, बोटाला लागलेलं लुंगीला पुसलं. लुंगीवर ते आजही आहे.

कूलर पंधरा दिवस कोरडा राहिला, मग दुसऱ्या कोपऱ्यातून ठिबकला. निम्मी नळी शिल्लक होतीच. विजयी मुद्रेनं काढली, दाबली. काही येईना. खिळा घातला, दाभण घातला, दाभण वाकला. नळीचं तोंड मात्र असं बंद झालं होतं की तिथून थेंब बाहेर जाणार नव्हता आणि आतही येणार नव्हता.