गाडीवाचून गाडी विकण्याचे शास्त्र

जुनी स्पोर्ट्‌स कार ऑनलाइन विकून लोकांना गंडवण्याचा व्यवसाय करणाऱ्याला ज्या एका वस्तूची मुळीच गरज पडत नाही ती वस्तू स्पोर्ट्‌स कार ही होय, हे या शास्त्राचे पहिले प्रमेय आहे. गाडी असली की तिला जागा लागते, विमा लागतो, पावसाळ्यात ताडपत्री लागते आणि एखादे चिकित्सक गिऱ्हाईक येऊन बॉनेट उघडेल हा धोका तर कायमचाच. त्यापेक्षा गाडीचे आठ फोटो, एक ओळखपत्र, एक क्यूआर कोड आणि बदलीची एक करुण कहाणी एवढ्या भांडवलात हाच धंदा अधिक स्वच्छपणे करता येतो. या शास्त्राच्या अभ्यासाला वरळीच्या बीडीडी चाळींचा परिसर विशेष सोयीचा आहे, कारण तेथील कुटुंबे ज्या इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या राहिली त्या इमारतीच मुळी माल तयार होण्याआधी वसुली सुरू करणाऱ्या एका खात्याने बांधलेल्या होत्या.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे मुंबई विकास खाते, स्थापन झाले आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या व पैसेवाल्यांसाठी समुद्र हटवून काढलेली जमीन अशी दुहेरी स्वप्ने शहरासमोर मांडली गेली. खोल्यांच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसला, ज्याला आजच्या व्यवहारात टोकन म्हटले असते; प्रत्यक्षात वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्यांचा आकडा १६ हजारांच्या आसपासच अडकला. बॅकबेची कथा याहून सरस आहे. तेथे १,१४५ एकर जमीन निघणार होती, परंतु ड्रेजरने, म्हणजे तळाचा गाळ उपसणाऱ्या जहाजाने, भरलेला चिखल नव्या कोऱ्या भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जात राहिला आणि अखेर हाती आली ती साडेचारशे एकरांहूनही कमी. वकील के. एफ. नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले तेव्हा खात्याचे अधिकारी हार्वे यांनी नरिमन यांच्यावरच बदनामीचा खटला भरला, ज्यातून ते १९२८ साली निर्दोष सुटले. पैसे परत मागणाऱ्यालाच ‘तुमच्यावर केस टाकीन’ असे बजावण्याची जी रीत आजच्या ऑनलाइन विक्रेत्यांत रूढ आहे, तिला अशी साहेबी परंपरा लाभलेली आहे.

एकेका इमारतीत ८० खोल्या, १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामायिक संडास, अशा या चाळींत शतकभर राहिलेल्या माणसाच्या मनात दोन दारांची, चाळिशीतल्या माणसाला उतरताना कंबर धरावी लागेल इतकी बुटकी गाडी कशी शिरली, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. वरळीकरांना तो पडत नाही. दक्षिण मुंबईला जोडणारा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ मध्ये वरळीहून खुला झाला, आणि ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेल्या फलकासमोरून त्याहून बऱ्याच वेगात जाणाऱ्या गाड्यांचा मध्यरात्रीचा आवाज वरळीकरांना फुकट ऐकायला मिळू लागला. दुचाकींना त्या रस्त्यावर मज्जाव असल्यामुळे ज्याच्याकडे स्कूटर आहे त्याला तो आवाज ऐकण्यापलीकडे काही करताही येत नाही. त्यात १४ ऑगस्ट २०२५ रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात या चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, ५०० चौरस फुटांचे घर चाळिसाव्या मजल्यापर्यंत कोठेही लागू शकते हे कळले आणि इमारतीला पोडियम, म्हणजे गाड्यांसाठी राखलेले खालचे मजले, असतात हेही कळले. चाळीच्या गल्लीत गाडी लावायची तर रात्री लवकर परतावे लागे आणि सकाळी कोणाची तरी बाईक बाजूला सरकवावी लागे. पोडियमवर रंगवलेली रिकामी चौकट दिसली की तीत काय शोभेल याचा विचार माणूस करणारच.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. म्हाडाच्या पात्रतेच्या फेऱ्यात, म्हणजे मूळ भाडेकरू कोण आणि वारस कोण हे ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत, याच रहिवाशाने आजोबांच्या नावची भाडेपावती, जुने वीजबिल, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला आणि चुलत्याचे ना हरकत पत्र अशी फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षे काखेत वागवली, करारनाम्यातला प्रत्येक शब्द बैठकीत उभे राहून तपासला आणि ‘नोंदणी झाल्याशिवाय खोली सोडणार नाही’ असे साहेबांना तोंडावर सांगितले. तोच रहिवासी मोबाइलवर लाल रंगाची गाडी दिसताच कधीही न भेटलेल्या माणसाला रात्री पावणेबाराला २१ हजार रुपये पाठवतो, आणि पावती म्हणून त्याला अंगठ्याचे चित्र येते.

जाहिरातीचे वाङ्मय स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. तीत गाडी नेहमी ‘फर्स्ट ओनर’ असते, ‘शोरूम कंडिशन’मध्ये असते, ती बहुधा एखाद्या डॉक्टरने केवळ रविवारी वापरलेली असते आणि विक्रेत्याला तातडीने कॅनडाला जायचे असते, डॉक्टरांनी रविवारी वापरलेल्या गाड्यांची संख्या पाहता या देशातील दवाखाने आठवडाभर उघडे कसे राहतात हे कोडेच आहे. किमतीचे गणित मात्र हुशारीने मांडलेले असते. बाजारात ४० लाखांना जाणारी गाडी ४ लाखांना देऊ केली तर जांबोरी मैदानावर क्रिकेट खेळणारे पोरही हसेल, म्हणून ती साडेसतरा लाखांना देऊ केली जाते आणि उरलेला फरक भरून काढण्यासाठी आजारी आई, घटस्फोट किंवा ‘कस्टमने जप्त केलेला माल’ यांपैकी एकाची योजना होते. फोटो बहुतेकदा दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले असतात, आणि ते ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही: स्टिअरिंग डावीकडे असेल, मागे खजुराची झाडे असतील आणि नंबर प्लेटवर पांढरी पट्टी ओढलेली असेल, तर ती गाडी विक्रेत्याने प्रत्यक्षात कधी पाहिलेली नाही. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा भारताचा नियम आहे. खजुरांना तो ठाऊक नसतो.

या शास्त्रातील सर्वांत प्रतिष्ठित पात्र म्हणजे जवान. तो लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगतो, वर्दीतला फोटो, ओळखपत्र आणि कॅन्टीनचे कार्ड न मागता पाठवतो, बदली सीमेवर झाल्याने गाडी विमानतळाच्या किंवा छावणीच्या पार्किंगमध्ये अडकली आहे असे सांगतो, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जय हिंद’ म्हणतो. खऱ्या जवानाचे ओळखपत्र चोरून वा बनवून चालवलेल्या या नाटकाबद्दल पोलिसांनी वर्षानुवर्षे सावध केले आहे, तरी त्याचा प्रयोग हाउसफुल्ल चालतो, कारण जवानाकडे आरसी मागणे, म्हणजे गाडीच्या मालकीचे नोंदणी प्रमाणपत्र मागणे, हा देशद्रोह वाटतो. पुढे गेट पास, वाहतूक, विमा आणि जीएसटी असे खर्च एकामागून एक उगवतात. प्रत्येक रक्कम लहान असते आणि प्रत्येक रक्कम ‘रिफंडेबल’ असते. त्या परताव्यासाठी येतो तो क्यूआर कोड, जो स्कॅन करून पिन टाकल्यावर पैसे येणार असतात आणि जातात. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, एवढे एकच वाक्य ज्याने पाठ केले त्याच्यापुढे जवानाची निम्मी पलटण माघार घेते.

दुसरी शाखा अधिक कठीण आहे, कारण तीत गाडी खरोखरच असते. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर १७ अक्षर-अंकांचा चेसिस क्रमांक ठोकलेला असतो, आणि चोरीच्या गाडीवर अपघातात भंगार झालेल्या दुसऱ्या गाडीचा क्रमांक ठोकून तिची कागदपत्रे हिला जोडली की पुनर्जन्माचा विधी पूर्ण होतो. त्या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत. घाईत ठोकणाऱ्या कारागिराला हे नेहमीच आठवते असे नाही. याबाबतीत मुंबईने देशाला दिलेले उदाहरण अविस्मरणीय आहे. अमिताभ बच्चन यांच्या हस्ते २०१२ च्या दिल्लीतील वाहनप्रदर्शनात झळकलेली, भारताची पहिली स्पोर्ट्‌स कार म्हणून मिरवलेली डीसी अवंती, डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या दप्तरी दाखल झाली आणि तिचे रचनाकार दिलीप छाब्रिया यांना अटक झाली. एकच इंजिन व चेसिस क्रमांक असलेल्या गाड्या दोन राज्यांत नोंदवल्या गेल्या आणि एकेका गाडीवर अनेक कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप आणि निकाल यांतले अंतर वाचकांनी स्वतः राखावे. तपासाचे नेतृत्व ज्या सचिन वाझे यांच्याकडे होते त्यांना तीन महिन्यांच्या आत राष्ट्रीय तपास यंत्रणेने अन्य प्रकरणात अटक केली, आणि तेही प्रकरण पेडर रोडनजीक स्फोटकांसह सापडलेल्या, खोटी नंबर प्लेट लावलेल्या एका गाडीचेच होते. नंबर प्लेटवर विश्वास ठेवू नये हे सांगण्यासाठी पोलिसांना इतका त्रास घेण्याची खरे तर गरज नव्हती.

तिसरा प्रकार पावसाळ्याने निर्माण केला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बुडालेल्या गाड्या पुढे धुऊनपुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. बुटक्या गाडीला तर एवढ्या पावसाचीही जरूर नसते, हिंदमात्याला गुडघाभर पाणी साचले तरी तिच्या आसनापर्यंत पोचते. अशा गाडीचे डॅशबोर्ड पॉलिशने चकचकीत असते आणि आत लिंबाच्या सुगंधाची बाटली लटकत असते, म्हणून तपासणाऱ्याने त्यांच्याकडे पाहूच नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी चकरी संपेपर्यंत, ओढावा. धुणाऱ्याचा हात सहसा पहिल्या दोन फुटांपलीकडे जात नाही आणि पुढच्या पट्ट्यावर मातकट आडवी रेघ राहते. सीट मागे सरकवून खालच्या रुळावरचा गंज बोटाने खरवडावा, पायपोस उचलून गालिचाच्या कोपऱ्याला नाक लावावे. मीटर मागे फिरवलेला असेल, तर ३० हजार किलोमीटर धावल्याचे सांगणाऱ्या गाडीचे क्लचचे पेडल गुळगुळीत झालेले सापडते. एवढ्या जवळून पाहू लागल्यावर विक्रेता ‘दुसरी पार्टी खाली उभी आहे’ असे म्हणतो. ती पार्टी बहुधा त्याचा मेव्हणा असतो.

कागदांचा भाग रूक्ष आहे, पण चाळकऱ्याला तो सोपा जावा. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेचा हक्क, दिसतो. तो उतरवल्याचा पुरावा फॉर्म ३५, नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातून आणायची तर फॉर्म २८. परराज्याचा मोह समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला २० टक्के कर पडतो आणि पुदुच्चेरीत तो इतका कमी होता की २०१७ साली केरळातील काही सिनेनट तेथे राहत असल्याचा शोध त्यांच्या गाड्यांच्या कागदांवरून लागला. अशी गाडी घेणारा वरळीकर स्वस्तात गाडी घेऊन थेट ताडदेवच्या आरटीओत उरलेला कर भरतो, किंवा भरत नाही आणि किनारा मार्गाऐवजी गल्लीबोळांतून हिंडतो. ज्याने गाडी विकली पण नाव बदलले नाही त्याची गत याहून न्यारी: गाडी हातोहात विकली गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितले. ‘नाव नंतर करू, भाऊ’ या वाक्याची किंमत त्या निकालात सविस्तर दिलेली आहे.

पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहारात मात्र पहिले काही तास ‘घरी सांगायचे कसे’ या विचारात जातात, पुढचे काही ‘जवान आहे, फसवणार नाही’ या श्रद्धेत जातात, आणि चौथ्या दिवशी फसलेल्या माणसालाच एक फोन येतो. पलीकडचा आवाज शांत, अदबशीर आणि सरकारी असतो. आपण सायबर विभागातून बोलत आहोत, आपली रक्कम सापडली आहे, साहेब, आणि ती खात्यावर वळती करण्यासाठी ४,९९९ रुपये प्रक्रिया शुल्क तेवढे भरावे लागेल, असे तो सांगतो, आणि ते शुल्क रिफंडेबल असल्याचे न विचारता स्पष्ट करतो.