स्लो बसत नाही

माझी आरएक्स हंड्रेड साठच्या स्पीडला झकास पळते. तिची अडचण शून्यावर आहे. बदलापूरच्या सोनिवलीतून निघून स्टेशनपर्यंत ती कुरकुर न करता येते. पण उड्डाणपुलाच्या तोंडाशी, पुढच्या रिक्षाच्या मागे थांबून रेस सोडली, की दोनदा खोकते आणि गप्प होते. मेकॅनिक मंडळींचं निदान तीन शब्दांचं असतं: स्लो बसत नाही.

गाडी बंद पडली की दोन प्रकारची माणसं जमतात, डॉक्टर आणि गिऱ्हाईक. आधी गिऱ्हाइकांचं सांगतो. १९८५ साली आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. ती बनायची थांबली तेव्हा ज्यांच्या आईवडिलांचं लग्नही ठरलं नव्हतं, अशी पोरं आज तिच्यासाठी वेडी झालेली आहेत. चालत्या गाडीला कुणी हात करत नाही. मी किका मारून घामाघूम झालो, की "काका, देणार का?" आलंच. मग म्हशाच्या जत्रेत बैलाचे दात बघावेत तसं टाकीचं झाकण उघडून आत डोकावणं, इंजिन नंबरावर अंगठा फिरवणं, "कागदपत्रं क्लिअर ना?" वगैरे. धापा टाकणारीचाच भाव चांगला होतो असा त्यांचा हिशेब असावा.

डॉक्टर फुकट असतात, म्हणून जास्त महागात पडतात. एक म्हणतो प्लग गेला. दुसरा म्हणतो कॉइल. तिसरा माझ्याकडे नीट बघून म्हणतो, "काका, तुम्ही रिझर्व्हवर फार चालवता." मतभेद कितीही असोत, शेवटी सगळ्यांचा हात जातो तो मात्र एकाच जागी: स्लोच्या स्क्रूवर. तो आत घेतला की कार्बोरेटरमधली स्लाइड जराशी वर उचलली जाते, इंजिन मोठ्याने ओरडायला लागतं आणि जमलेल्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. रोग होता तिथेच असतो. फक्त आता त्याचा आवाज एरंजाडपर्यंत जातो. मध्यंतरी या उपचारामुळे गाडी उभ्याउभ्या इतकी किंचाळायची, की मी गेटात शिरण्याआधी आमच्या मजल्यावर कुकर गॅसवर चढलेला असे.

मुळात कार्बोरेटर हे अत्यंत सरळ मनाचं यंत्र आहे. वाट अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे वेंचुरी नावाच्या इटालियन गृहस्थाने १७९७ साली दाखवून दिलं. हे गृहस्थ संध्याकाळी बदलापूरच्या उड्डाणपुलावर आलेले नव्हते, हे उघड आहे. पण हवेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं ठरतं. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल मेन जेटमधून आपोआप वर ओढलं जातं. पंप नाही, वायर नाही, कॉम्प्युटर नाही.

गोची होते ती रेस सोडल्यावर. स्लाइड खाली आली की गळा जवळपास बंद, मेन जेटची ड्युटी संपली. आता सगळा संसार स्लो जेटवर. जेमतेम पेराएवढी पितळी काडी, वर स्क्रू ड्रायव्हरची खाच, अंगाला बारीक भोकं आणि आरपार एकच मुख्य भोक, तेही असं की डोळ्याला लावून आभाळाकडे धरलं तर पलीकडे उजेडाचा ठिपका दिसावा. दिसला तर नशीब. टाकीतल्या गंजाचा एक कण त्यात बसला की साठला पळणारी गाडी शून्यावर मरते. मेन जेटला त्या कणाचा पत्ताही नसतो.

हे मला शिकवलं आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांनी. नव्या पोरांना कार्बोरेटर उघडायचा कंटाळा येतो, आणि त्यांचा तरी काय दोष? १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. ती पोरं गाडीला स्कॅनर लावतात आणि गाडी स्वतः सांगते काय दुखतंय ते. माझ्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. चाचांनी मात्र गाडी बघितली आणि बदलापूर पश्चिमेचा कुठलाही मुरलेला मेकॅनिक विचारतो तोच पहिला प्रश्न विचारला: "पुरात होती का?" इथे दोन हजार पाचच्या पुरात होती का एकोणीसच्या, एवढाच उपप्रश्न. उल्हास नदीने आमच्या भागातल्या वाहनांच्या सर्व्हिस हिस्ट्रीत स्वतःच्या हाताने नोंदी केलेल्या आहेत.

चाचांनी वाटी खोलली. तळाला लालसर गाळ, त्यावर पाण्याचे दोन टपोरे थेंब, पेट्रोलखाली निवांत लोळत. फ्लोट कानाशी नेऊन हलवला, आत पेट्रोल शिरलंय का ऐकायला. स्लो जेट काढून त्यात हवा मारली. तार घालू दिली नाही. "तारेने भोक मोठं होतं. मग गाडी आयुष्यभर जास्त पिते." जोडणी झाली, गाडी चालू झाली आणि गरम झाल्यावर पुन्हा तेच. आता चाचांनी चोक ओढला. गाडी शहाण्यासारखी स्लोवर उभी राहिली. चोक सोडला, की मेली. "हवा घेतेय कुठून तरी," चाचा म्हणाले. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी जॉइंटवर त्यांनी क्लीनरचा फवारा मारला, तसा इंजिनाचा सूर झटकन बदलला. जॉइंट वाकवून दाखवला, तर खालच्या अंगाला नखाएवढी चीर. कार्बोरेटर मापून हवा देत होता आणि चीर न मापता.

जॉइंटसाठी उल्हासनगर गाठलं. १९४९ साली फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या गावाला काहीही बनवता येतं, आणि बनवलेलं कुठून आलं हे विचारायची पद्धत नाही. काउंटरवरच्या शेठने जुना रबर हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "असली चाहिए या ओरिजनल?" मी विचारात पडलो. दोन्हींच्या किमतीत तिपटीचा फरक होता. महाग कोणता, हे ऐकूनही माझी खात्री झाली नाही, म्हणून दोन्ही घेतले. चाचांनी दोन्ही चिमटीत दाबून बघितले आणि स्वस्तातला बसवला.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा धरतं, जुन्या जातीचं रबर बिघडवतं, आणि जेट तेच ठेवले तर मिश्रण थोडं पातळ पडतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा प्यायची का श्वासात घ्यायची हेच कळत नाही, त्यामुळे जुनी गाडी महिनाभर उभी ठेवायची तर वाटी रिकामी करून ठेवावी. हा सल्ला मी मानतो. स्लोच्या स्क्रूचा एकही मानत नाही.

मग ट्युनिंग. हे बघण्यासारखं असतं. गाडी गरम, हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद, मग दीड फेरा बाहेर. तिथून चाचा तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवतात, पण नजर गाडीवर नसते, समोरच्या वडापाववाल्यावर असते. इंजिनाचा सूर सगळ्यांत चढतो ती जागा सापडली की थांबायचं, आणि मग स्लोचा स्क्रू सोडत सोडत आवाज खाली आणायचा. शेवटी टिंग-टिंग-टिंग, एका लयीत. पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता नुसते उभे होतो. "आता कुणाला हात लावू देऊ नका," चाचा म्हणाले.

त्यानंतर पुलावर गाडी बंद पडलेली नाही. त्यामुळे माझ्या ओळखीही कमी झाल्या. "काका, देणार का?" विचारणारा एक पोरगा परवा शेजारून गेला, माझ्याकडे बघितलं आणि तसाच पुढे गेला.

रविवारी कल्याणहून मामा आले. चहा झाला, पोहे झाले, खाली उतरताना गाडी चालू करून दाखवली. मामांनी मान तिरकी करून क्षणभर ऐकलं.

"रेस जरा कमी वाटते रे. स्क्रू ड्रायव्हर आण बघू."

"शेजारी नेलाय मामा," मी म्हणालो.

"असू दे, असू दे," म्हणत मामांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं.