लीड झाली म्हणून काय झालं?

“काय गं, रोह्याच्या नणंदबाई आल्या होत्या ना? लगेच मेमू गाठली?”

“थांबतायत कुठल्या, काकू! फुरंगटून गेल्या. लेक पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये ना, ती टीम लीड झाली. आता प्रोग्राम लिहायचे सोडून दिवसभर मीटिंगा घेते म्हणे. ‘एवढं शिकवलं ते बडबडायला का?’ म्हणाल्या.”

“मग तू काय म्हणालीस?”

“विजय भटकरांचं सांगितलं.”

“ते परम महासंगणकवाले? पुण्याचे?”

“मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आधी केरळात होते. अमेरिका मोठा क्रे संगणक देईना, म्हणून १९८८ साली सरकारनं पुण्यात सी-डॅक ही संस्था काढली नि यांच्या हाती दिली. तीन वर्षं नि तीस कोटी, एवढ्यात बसवा म्हणाले. १९९१ ला परम ८००० उभा!”

“एकट्यानं?”

“तेच तर! तरुण पोरापोरींची फौज होती. चिपा इंग्लंडच्या, ट्रान्सप्युटर म्हणतात त्यांना. तशा ६४ जोडल्या. चिपा काय, पैसे टाकले की येतात. पण एकच गणित ६४ ठिकाणी वाटायचं, इथलं उत्तर तिथं वेळेत पोचवायचं, कुणाला रिकामं बसू द्यायचं नाही, ही खरी मेख. त्यासाठीचं सॉफ्टवेअर त्यांनी तिथंच लिहिलं.”

“अगं, मग हे आमच्या गणपतीच्या कारखान्यासारखंच की! साच्यातून काढणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, डोळ्यांची आखणी करणारा तर त्याहून वेगळा. मूर्ती ओली असताना रंगाला घेतली की संपलं. कुठली कधी कुणाच्या हाती द्यायची, ते सगळं ह्यांच्या डोक्यात. नि लोक म्हणतात, शेठ नुसते हात मागे बांधून फिरतात!”

“असंच म्हटलं मी. वाटून देणं नि परत जुळवून घेणं, हेही कामच आहे. भटकरांची टीम पांगली असती, तर ६४ चिपा जोडून काय उपयोग होता?”

“पटलं का मग बाईंना?”

“छे! म्हणाल्या, भटकरांना २०१५ ला पद्मभूषण मिळालं, हिला काय मिळालं? मग मी भाचीचा नवा पगार सांगितला.”

“अगंबाई! तुला कसा ठाऊक?”

“तिनंच फोनवर सांगितलेला. आईला नव्हता सांगितला.”

“आणि?”

“एकदम सूर बदलला. म्हणाल्या, ‘घेऊ दे की मीटिंगा, पोरीला बोलायची आवड पहिल्यापासूनच!’”