पोटचा उमेदवार

दादरला आमच्या शेजारी नाना राहतात. बँकेतून निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली. मतदान त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही, पण पक्ष, जाहीरनामा, विकासकामं यांतलं त्यांना काही विचारू नये. उमेदवार जाहीर झाला की नानांचा पहिला प्रश्न, "कोणाचा हा?" आणि दुसरा, "घरी ऐकतो का?" उपवर मुलीचा बाप स्थळं बघतो तसे नाना उमेदवार बघतात. पत्रिका तेवढी मागत नाहीत.

2019च्या मार्चमध्ये सुजय विखे भाजपमध्ये गेले. वडील राधाकृष्ण विखे तेव्हा काँग्रेसचे, विधानसभेत विरोधी पक्षनेते. वाहिन्यांवर राजकीय भूकंप चालला होता. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "परस्पर ठरवलं असणार पोराने. आमच्याकडे नाही का, न विचारता मोटरसायकल घेऊन आला!" पुढे लोकसभेला मावळात अजित पवारांचे चिरंजीव पार्थ दोन लाखांहून जास्त मतांनी पडले, त्या दिवशी नानांनी मागचा भात घेतला नाही. अजित पवारांना मावळात पडलेला खड्डा नानांच्या ताटात दिसत होता. काकू म्हणाल्या, "त्यांच्या घरी सगळे जेवले असतील हो." नाना उठून हात धुवायला गेले.

पण ही सगळी परगावची दुःखं. 2024ला विधानसभेच्या वेळी मामला थेट आमच्या माहीम मतदारसंघात आला. राज ठाकऱ्यांचे चिरंजीव अमित पहिल्यांदाच उभे राहिले आणि नानांना रात्रीची झोप लागेना. आता राज ठाकरे आणि नाना यांच्यात साम्य काय, तर दोघांना मुलगा आहे. नानांना तेवढं पुरलं. समोर आमदार सदा सरवणकर. त्यांनी माघार घ्यावी म्हणून बरीच मनधरणी झाली, ते हटले नाहीत. इथे नाना पेचात सापडले, कारण सरवणकरांचाही मुलगा नगरसेवक होऊन गेलेला. "एका बापासाठी दुसऱ्या बापाने बसायचं का?" हा प्रश्न त्यांनी मला जिन्यात तीनदा विचारला. तिसरे महेश सावंत. त्यांच्या घरची काही माहिती नानांकडे नव्हती, म्हणून ते त्यांच्या हिशेबातच नव्हते.

एका दुपारी कसलीशी प्रचारफेरी आमच्या गल्लीतून गेली. ढोल, फटाके, घोषणा. नोव्हेंबर असूनही ऊन मी म्हणत होतं. उमेदवार कोण ते गर्दीत धड दिसतही नव्हतं, पण दिसली ती घामाने पाठीला चिकटलेली झब्ब्याची पाठ. नानांना राहवेना. गॅलरीतून वाकून ते ओरडले, "अरे, पाणी द्या रे! पाणी!" खालच्या एका कार्यकर्त्याने तत्परतेने वही काढली आणि लिहून घेतलं: दुसरा मजला, पाण्याची तक्रार. (त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे पाणी खरोखरच जोरात आलं. श्रेय कोणाचं, सांगता येत नाही.)

20 नोव्हेंबरला नाना इस्त्रीचा सदरा घालून मतदान करून आले. मत कोणाला दिलं ते काकूंनाही सांगितलं नाही. "पोरांमध्ये डावं-उजवं केलेलं बोलून दाखवू नये," एवढंच म्हणाले.

23 तारखेला निकाल. सावंत 1316 मतांनी जिंकले, सरवणकर दुसरे, अमित तिसरे. नानांकडे सुतकी शांतता. मी चहाच्या निमित्ताने डोकावलो, तर नाना टीव्हीसमोर, शेजारी त्यांचा चाळिशीचा मुलगा पोळी-भाजी खात बसलेला.

"तिसरा आला म्हणून काय झालं?" नाना पडद्याकडे बघत म्हणाले. "पहिलीच खेप आहे. तेहतीस हजार माणसांनी मतं दिली, थट्टा आहे? अशा वेळी बापाने पाठीवर हात ठेवायचा असतो."

मुलाचा घास हातातच राहिला.

"बाबा, आठवीत मी वक्तृत्व स्पर्धेत तिसरा आलो होतो. तेव्हा तुम्ही चार दिवस बोलला नव्हतात माझ्याशी."

"स्पर्धक किती होते?"

"तीन."

"मग?"

"इथेही तिरंगीच लढत होती ना?"

नानांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.