दोन बुचं

वायपरचं रबर बदलायला हवं, हे प्रस्तुत लेखकांना एप्रिलमध्येच कळलं होतं. त्यांनी ते घरात जाहीरही केलं होतं. मेमध्ये त्यांनी त्यामागची कारणं सांगितली, जूनमध्ये इतिहास सांगितला आणि जुलैतल्या एका रविवारी, ताम्हिणी घाटात पुढच्या डंपरने काचेवर लाल चिखलाचा सडा घातला तेव्हा, रबर अजून जुनंच आहे हे सगळ्या गाडीला कळलं. गाडीत दोघंच होते. लेखक आणि त्यांच्या पत्नी.

पाऊस धो धो असता तर त्यानेच काच धुतली असती. पण ही होती भुरभुर. डंपरने सडा घातला, वायपरने सारवून काढलं. दोन वळणांत काचेचं अंगण झालं; रांगोळीच काय ती राहिली.

अशा वेळी शहाणा माणूस गाडी बाजूला घेतो. लेखकांनी बोलायला सुरुवात केली.

वायपरची मोटर एकाच दिशेला गरगर फिरते, ते म्हणाले. आतला वर्मगिअर तिचा वेग उतरवून जोर वाढवतो आणि दांड्यांची जोडणी त्या फिरण्याचं झुलणं करते. बटण मध्येच बंद केलं तरी ब्लेड काचेच्या मध्यावर थांबत नाही, खाली आपल्या जागी जाऊनच निजतं. कारण मोटरमध्ये एक वेगळा स्विच असतो, तो मुक्काम येईपर्यंत वीज तुटू देत नाही. रबराची कड जाताना एका अंगावर कलते, येताना कूस बदलते. पुण्याचे चार उन्हाळे उघड्यावर काढलेलं रबर कूस बदलायला तयार होत नाही. ते त्याच अंगावर खरवडत येतं. खर्र-खट, खर्र-खट.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाचाच वायपर खर्र-खट करत होता. पत्नींनी रेडिओचा आवाज वाढवला.

लेखकांचं वाहनज्ञान नातेवाइकांत प्रसिद्ध आहे, विशेषतः मेहुण्याची नवी युरोपियन गाडी त्यांनी हट्टाने चालवायला घेतली तेव्हापासून. आपल्याकडच्या जपानी-कोरियन वळणाच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या. युरोपियन गाड्यांत बरोबर उलट. कर्वे रोडला भर उन्हात वळताना लेखकांनी सवयीने दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर नाचू लागले. मागच्याने हॉर्न दिला. मेहुण्याने पाहिलं. लेखकांनी, आपल्याला काच पुसायचीच होती अशा चेहऱ्याने, वर पाणीही मारलं.

घाटात मात्र पाणी येईना. दांडी ओढली की बॉनेटखाली पंप घूं करायचा, वायपर चार फेऱ्या जास्त मारायचे, अंगण आणखी गुळगुळीत व्हायचं. यावर लेखकांनी जुन्या फोक्सवॅगन बीटलची गोष्ट सांगितली. तिच्यात पाणी मारायला पंपच नव्हता, स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने पाणी काचेवर उडायचं. "मग आपली स्टेपनी जोडा," पत्नी म्हणाल्या. लेखकांनी तो टोमणा बाजूला ठेवला आणि ते आपल्या आवडत्या माणसाकडे वळले.

तो माणूस म्हणजे रॉबर्ट कर्न्स. वायपरच्या मूळ पेटंटवाल्या मेरी अँडरसनबाईंना लेखक चटकन उरकतात: अलाबामाच्या बाई, न्यूयॉर्कला थंडीत गेल्या, ट्रॅमचा ड्रायव्हर काचेवरचं हिम काढायला धडपडतोय हे त्यांनी पाहिलं आणि १९०३ साली आतून हाताने फिरवायच्या वायपरचं पेटंट घेतलं. कॅनडातल्या एका कंपनीने 'याला बाजारात किंमत नाही' असं कळवलं, १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली, बाईंना काही मिळालं नाही. एवढा मोठा अन्याय एवढ्याशा जागेत बसवून ते कर्न्सकडे येतात, आणि मग तासभर तिथून हलत नाहीत.

१९५३ साली, लग्नाच्या रात्रीच, शँपेनच्या बाटलीचं बूच उडालं आणि कर्न्सच्या डाव्या डोळ्यावर बसलं. त्या डोळ्याची दृष्टी गेली. दहा वर्षांनी डेट्रॉइटमध्ये भुरभुर पावसात गाडी चालवताना सतत हलणाऱ्या वायपरने त्या अधू नजरेला जीव नकोसा केला, तेव्हा त्याच्या मनात आलं, की पापणी काही सारखी पुसत बसत नाही. ती मिटते, थांबते, पुन्हा मिटते. वायपरने तसं का करू नये?

इथे लेखक स्टिअरिंगवरचा एक हात काढून घटिकापात्र दाखवतात. लग्नात पाण्यावर सोडतात ते, तळाला भोक असलेलं. हळूहळू भरतं आणि भरलं की बुडतं. कर्न्सच्या सर्किटातलं पाणी म्हणजे वीज: रेझिस्टरच्या बारीक भोकातून कपॅसिटर भरत राहतो, ठरावीक पातळी आली की ट्रान्झिस्टर मोटरला इशारा देतो, वायपर एक फेरी मारतो आणि पात्र पुन्हा रिकामं. भोक लहानमोठं करा, थांबा कमीजास्त होतो. "दोन्ही हात," पत्नी म्हणाल्या.

त्याने हे यंत्र फोर्डला दाखवलं, १९६७ मध्ये पेटंट मिळवलं. १९६९ मध्ये फोर्डच्या गाड्यांत थांबून थांबून चालणारे वायपर आले; त्याच्याशी करार न होता. १९७८ मध्ये त्याने दावा लावला. फोर्डचं म्हणणं, यातला एकही सुटा भाग नवा नाही. पैसे घेऊन गप्प बसायचे देकार त्याने नाकारले. त्याला पैसे नको होते, आपण शोधलं हे कबूल करून हवं होतं. १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर दिले, पण चोरी जाणूनबुजून केली असं काही ज्यूरी म्हणाली नाही. क्रायस्लरविरुद्ध तर त्याने स्वतःच वकिली केली आणि व्याजासकट सुमारे ३ कोटी डॉलर मिळवले. बाकी कंपन्यांवरचे दावे, कागद वेळेवर न दिल्याने, निकालात निघाले.

लेखकांचा गळा इथे दरवेळी भरून येतो. ऑफिसातला रजांचा तक्ता, ज्यावर आजही सगळा विभाग चालतो, तो लेखकांनी आखला होता. तीन रात्री, चार रंगांच्या पेनांनी. वरिष्ठांनी तो मीटिंगमध्ये आपला म्हणून मांडला आणि त्यांना शाल मिळाली. कर्न्स आणि आपण यांच्यात फरक काय तो डॉलरचा, असं लेखकांचं मत आहे.

"त्याच्या बायकोचं काय झालं?" पत्नींनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न प्रथमच आला. "घटस्फोट झाला," लेखक म्हणाले. "सहा मुलं होती. मुलं खटल्याच्या कागदपत्रांत मदत करायची."

"रोज रात्री जेवताना तेच ऐकत असेल ती."

लेखकांना एकदम आठवलं, की तक्त्याची गोष्ट त्यांनी दोन वर्षं रोज रात्री सांगितली होती, आणि दोन वर्षं ताटात पोळी गरम पडत होती. तव्याजवळून कधी 'हं' आलं होतं, कधी 'मग?'. 'पुरे' एकदाही नाही. त्यांना काही बोलायचं होतं. पण काचेतून आता रस्ताच दिसत नव्हता, म्हणून त्यांनी गाडी एका कणीसवाल्याशेजारी उभी केली.

कणीसवाल्याने काच पाहिली आणि न विचारता तंबाखूची पुडी पुढे केली. वायपर बंद पडला की ओल्या काचेवर तंबाखू चोळायची, ही जुन्या ट्रकवाल्यांची रीत. लेखक त्यामागचं रसायन समजावू लागले तोवर पत्नी खाली उतरल्या होत्या. त्यांनी बॉनेटवरच्या दोन बारीक नोझलकडे वाकून पाहिलं. भोकांवर पांढरा थर होता, गिझरच्या कॉइलवर चढतो तसा. बोअरिंगचं पाणी. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, दोन्ही भोकांत टोचून फिरवली, फुंकर मारली आणि म्हणाल्या, "मारा."

लेखकांनी दांडी ओढली. पाणी आलं. पाण्यामागून फेस आला. वायपरने तो घुसळला, आणखी आला; काच दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गालासारखी पांढरी झाली. खर्र-खट बंद झालं, हे मान्य करायला हवं. कणीसवाला विस्तवावरचं कणीस फिरवायचं विसरला.

"अहो, काय घातलंय टाकीत?"

"भांड्यांचं लिक्विड. नुसत्या पाण्याने काचेवरचा तेलकट पापुद्रा जात नाही, म्हणून..."

"किती?"

"दोन बुचं."

पत्नींनी पिन पुसून बांगडीत परत अडकवली, लेखकांना डाव्या सीटवर सरकायला सांगितलं आणि स्टिअरिंग स्वतः घेतलं. काच कणीसवाल्याच्या बादलीतल्या पाण्याने धुतली गेली. पुढे भुरभुर होती, दांडी पहिल्या खाचेवर. वायपर एकदा फिरायचा, थांबायचा, विचार केल्यासारखा पुन्हा फिरायचा. डोंगरवाडीपर्यंत लेखक गप्प होते.

मग त्यांना राहवलं नाही. "आता बघ, हा जो मधला थांबा आहे ना, यात एक कपॅसिटर..."

पत्नींनी दांडी ओढली. फेस आला.