वगळलेल्या कामाचं बिल

सरकारी कामात बदल करणं अवघड असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सरकारी काम जवळून पाहिलेलं नाही. बदल चुटकीसरशी होतो. घाम फुटतो तो बदल कागदावर आणताना.

खरं तर कागदात कसलीच उणीव नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ करारनाम्यातलं कलम ३८ घ्या. निविदेतल्या एखाद्या बाबीचं परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं, तर ठेकेदाराने जुन्याच दरात मुकाट काम करायचं. त्यापुढे गेलं, तर वरच्या कामाला नवा दर. निविदेत नसलेलंच काही निघालं, तर तो एक्स्ट्रा आयटम. त्याचा दर सरकारी दरसूचीतून काढायचा. महामार्गाच्या ईपीसी करारात तर ‘चेंज ऑफ स्कोप’चं, म्हणजे कामाच्या व्याप्तीतल्या बदलाचं, अख्खं प्रकरणच आहे. आधी नोटीस, मग ठेकेदाराने सांगितलेला जादा खर्च आणि जादा मुदत, मग लेखी आदेश आणि सगळ्यात शेवटी काम. सगळ्या बदलांची बेरीज कराराच्या किमतीच्या १० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, अशी तंबीही आहे. वाचताना ऊर भरून येतो. असं एखादं काम डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा उरते.

कारण साइटवर हाच क्रम शेपटीकडून सुरू होतो. आमच्या कन्नड तालुक्यातलं कुठलंही गाव धरा. नालीचं काम चालू आहे. पांढऱ्या कपड्यातले चार जण येतात.

“साहेब, नाली इथवर आलीच आहे, तर मारुतीच्या देवळापर्यंत न्या की. पन्नास मीटरचा तर प्रश्न आहे.”

साहेब ठेकेदाराकडे बघतात. “करून टाका हो भाऊ. बघू नंतर.”

भाऊ करून टाकतात. देवळापुढे नारळ फुटतो, फोटो निघतो. सहा महिन्यांनी बिल टेबलावर येतं, तेव्हा खुर्चीत नवे साहेब असतात. ते मोजमाप पुस्तक उघडतात.

“हे पन्नास मीटर कुठून आले? आदेश कुठंय?”

“तोंडी होता, साहेब.”

“कोणाच्या तोंडी?”

ते तोंड एव्हाना बदली होऊन नांदेडला गेलेलं असतं. पण भाऊ काही देवळाला देणगी द्यायला आलेले नसतात. त्यांचे पन्नास मीटर नालीच्या तळातल्या काँक्रीटमधून, भिंतीच्या जाडीतून आणि क्युरिंगच्या पाण्यातून बिनबोभाट वसूल झालेले असतात. तोंडी वाढवलेलं काम असं मुक्याने कमी होतं. हिशेब बरोबर जुळतो, फक्त पहिल्या पावसात नाली जुळत नाही.

पन्नास मीटरवाल्यांना निदान धास्ती तरी असते. काम मोठं झालं की तीही जाते, कारण तिथे सुप्रमा असते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली ती ३७२ कोटींची. पुढे हा आकडा १८ हजार कोटींच्या वर गेला. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. एवढ्या वेगाने आपल्याकडे कालव्यातून पाणीसुद्धा वाहत नाही. चौकशीला समिती नेमली, तिचे अध्यक्ष माधवराव चितळे. हे मूळचे चाळीसगावचे, म्हणजे आमच्याच घाटाच्या पायथ्याचे. वाढलेल्या स्कोपचा हिशेब पायथ्याच्या माणसाने मांडला. घाटाचा स्वतःचा हिशेब मात्र अजून कोणी मांडलेला नाही.

तो घाट म्हणजे कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी करायचं ठरलं आणि रस्त्याचे तुकडे पाडून ठेके निघाले. आमच्या बाजूचा तुकडा करोडी ते तेलवाडी. पलीकडचा बोढरे ते धुळे. तेलवाडी घाटाच्या वर, बोढरे घाटाच्या खाली. मधे काय आहे, असं भूगोलाच्या मास्तरांनी विचारलं तर पोरं ‘घाट’ म्हणतील. या ठेक्यांच्या कागदावर तिथे काहीच नाही. एक रस्ता तेलवाडीला संपतो, दुसरा बोढरेला सुरू होतो.

आम्ही अडाणी लोक याला अर्धवट काम म्हणत होतो. नीट विचार केल्यावर यातली हुशारी कळली. डोंगरात बोगदा खणायला घ्या. आत कधी कठीण खडक लागेल, कधी ठिसूळ, कधी पाणी. प्रत्येक वेळी नोटीस, नवा दर, वाढीव मुदत, शेवटी लवाद. वर डोक्यावर गौताळा अभयारण्य, म्हणजे वनखात्याची परवानगी आलीच. एवढी कटकट कोणी सांगितली? अवघड भाग ठेक्यात घेतलाच नाही, तर त्यात बदल होण्याचा प्रश्नच मिटला. बोगद्याची सर्वेक्षणं, आराखडे आणि आश्वासनं होत राहिली. आश्वासनाच्या लांबीवर कुठल्याही कलमाची मर्यादा नसते.

फक्त डोंगराला कोणी कळवलं नाही की तो कामाच्या व्याप्तीबाहेर आहे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात दरडी कोसळून घाट बंद पडला. वाहतूक कोंडीने तर घाटात मुक्कामच ठोकला होता. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाटबंदी झाली. ट्रकांनी शिऊर बंगला, नांदगाव असा वळसा घालायचा.

इथे आम्हाला ठेकेदारीतला सगळ्यात जुना नियम समजला. करारातून वगळलेलं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच. बोगद्याचं काम कंपनीला दिलं नाही, ते ट्रकवाल्याला दिलं. तो ते रोज करतो: स्वतःच्या डिझेलने, स्वतःच्या टायरने, स्वतःची झोप मोडून. कन्नडची अद्रक आणि मका खानदेशाकडे निघाली की वाढीव भाडं धरलं जातं, आणि ते पट्टीतून शेतकऱ्याच्याच नावावर पडतं. निविदा नाही, अनामत नाही, कार्यारंभ आदेश नाही. काम मात्र एक दिवस बंद नाही. असा ठेकेदार कोणत्या खात्याला मिळाला आहे?

तेव्हा आमची रीतसर मागणी आहे. व्याप्तीत बदल झाला, तर नोटीस द्यावी लागते. ती तालुक्याच्या नावाने काढा. वळशाचा प्रत्येक किलोमीटर एक्स्ट्रा आयटम म्हणून मंजूर करा. मूळ अंतराच्या २५ टक्क्यांपर्यंतचा जादा वळसा आम्ही जुन्या दरात, म्हणजे फुकट, सोसू. कलम ३८ आम्हालाही मान्य आहे. त्यापुढच्या किलोमीटरला नवा दर लावा. मोजमाप पुस्तकाची गरज नाही, ट्रकचं मीटर आहे. आणि बिल मंजूर करणाऱ्या साहेबांनी सही करायला समक्ष यावं. धुळ्याहून येणार असाल, तर साहेब, सामानाच्या ट्रकमध्ये बसून या.