संहिताराव

कुंभकोणमच्या आसपासच्या खेड्यांत मानसशास्त्राची पोरं शिकायला येतात. प्रत्येक तुकडीत एक संहिताराव असतोच. आमचा तंजावरचा मराठी. घरी तंजावरी मराठी, बाहेर तमिळ आणि नीतिमत्तेचा विषय निघाला की इंग्रजी. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा त्याला रामरक्षेसारखा पाठ. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातली डोळ्यांच्या रुग्णांची सचित्र टिपणं आहेत. आम्ही चित्रं बघत राहिलो. ह्यानं विचारलं, "रुग्णांची लेखी संमती कुठंय?"

त्याचं स्वतःचं संमतिपत्र तीन पानी. पहिल्याच शेतकऱ्यानं ते उलटसुलट करून विचारलं, "व्याज किती?" कर्ज नाही, आणि तुम्हाला केव्हाही उठून जाता येईल, असं संहितारावानं समजावलं. शेतकरी लगेच उठून गेला. "हक्क बजावला त्यांनी," असं म्हणून संहितारावानं समाधानानं नोंद केली.

प्राथमिक आरोग्य केंद्रात खोली एकच. मधे पडदा, पलीकडे बीपी तपासायला आलेल्यांची रांग. गोपनीयता म्हणून संहिताराव कुजबुजायचा, आणि समोरचे आजोबा ठार बहिरे. "झोप लागते का?" "आँ?" "झोप?" "आँ?" शेवटी रांगेतली एक बाई ओरडली, "अय्या, झोप येते का विचारतायत!" आजोबांनी तोंड उघडायच्या आत रांगेनंच सांगून टाकलं: कुठली झोप? मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सुटायचं ते सुटलं नाही, कुरुवै हंगामाचा भात गेला, मुलगा तिरुप्पूरला गेलाय तो फोन करत नाही. संहितारावानं हे ऐकलंच नाही असं ठरवलं. तिऱ्हाइतानं दिलेली माहिती, तीही संमतीविना! मग तीच माहिती आजोबांकडून काढण्यात त्याचा पाऊण तास गेला.

निघताना आजोबांच्या बायकोनं पिशवीतून पूवन केळ्यांची फणी काढली. "तंबी, घे."

"नको पाट्टी. आम्हाला काही घेता येत नाही."

पाट्टीनं त्याच्याकडे पाहिलं, फणी पिशवीत ठेवली आणि गेली. पुढच्या आठवड्यात आजोबा आले नाहीत. गावच्या नर्सबाईंनी कारण सांगितलं. अग्रहारातल्या ब्राह्मण पोरानं आपल्या हातचं केळं नाकारलं, याचा अर्थ पाट्टीच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या एकच होतो. संहितारावाचा चेहरा उतरला. भेटवस्तूंवर नियम होता, जातीवर नव्हता. एक केळं तिथंच सोलून खायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

बरं, एवढा कडक माणूस लॉगबुक कसं भरत असेल? दर आठवड्याला एक तास सरांचं मार्गदर्शन व्हायला हवं. सर यायचे महिन्यातून एकदा, तेही कॉफीपुरते. महिनाअखेरीस संहिताराव बसायचा आणि चारही आठवडे एकाच बैठकीत भरायचा. एक तास निळ्या पेनानं, एक काळ्या, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. सर कॉफीचा डबरा बाजूला सारून चारही सह्या करायचे. मी एकदा विचारलं, "हे कुठल्या नीतीत बसतं रे?" "ही प्रशासकीय बाब आहे," तो म्हणाला.

मग एका संध्याकाळी एका सुनेनं त्याला सांगितलं की जगावंसं वाटत नाही, आणि फवारणीचं औषध गोठ्यातच आहे. जिवाला धोका असेल तर गोपनीयता बाजूला ठेवता येते, हे संहितारावाला तोंडपाठ होतं. आता करायचं काय, ते मात्र कुणाला तरी विचारायला हवं होतं. सरांचा फोन बंद. नर्सबाईंनी त्या मुलीला विश्वासात घेतलं, तिच्या नणंदेला बोलावलं, बाटली घराबाहेर काढली, रात्रभर तिथंच थांबल्या आणि सकाळी तिला तंजावरच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या.

त्या आठवड्याची लॉगबुकातली नोंद मी पाहिली आहे. मार्गदर्शन: 1 तास. विषय: जोखमीचं मूल्यमापन. खाली सही, काळ्या शाईत.

तुमच्याकडे असा शिकाऊ मानसतज्ज्ञ आला तर केळं जरूर पुढं करा. घेतलं नाही तरी रागावू नका, शिकतोय बिचारा. फक्त एवढं विचारा, "तुमचे सर शेवटचे कधी भेटले?"